पासंग

म्हापशाच्या बाजारात, केळीवाल्यांच्या रांगेमागे
माझं दुकान: तराजू, काटे, वजनं दुरुस्त.
चाळीस वर्षं लोकांची साखर मी खरी करत आलो,
पाव किलो म्हणजे पाव किलो.
माझ्या रक्तातली मात्र
ब्रागांझा डॉक्टरीणबाईंनी मोजली.
उपाशीपोटी एकशे अठ्ठ्याऐंशी. वर प्रेशर.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
"साखर बंद. लोणचं खाता?"
"लोणचं नाही. मिस्कूट."
"तेच ते. बंद."
इतकं चुकीचं माप
माझ्या तोंडावर कुणी केलं नव्हतं.

साखर सुटली.
नऊ दिवस चहा ओल्या गोणपाटासारखा लागला.
दहाव्या दिवशी हॉटेलातल्या पोराने चुकून नेहमीचा कप ठेवला,
एक घोट घेतला नि थुंकावासा वाटला.
मी घाबरलो.
इतक्या लवकर माणूस स्वतःला परका होतो?
जत्रेत खाज्यांच्या राशीपुढून गेलो
उधारी थकलेल्या दुकानापुढून जावं तसा,
मान खाली घालून, झपझप.

मिस्कूट मात्र.
उकड्या तांदळाची पेज, तिच्यात एक फोड,
हिंगाचं, मोहरीचं, हळदीचं तेल
पेजेवर हळूहळू पसरत जाणार,
आणि जीभ आधीच उठून बसलेली.
ते सोडायचं म्हणजे सकाळच सोडायची.

सुलक्षाने बरणी वरच्या फळीवर चढवली,
तोंडाला फडकं, फडक्याला दोन गाठी.
"तुका ना जाल्यार माकाय ना,"
असं म्हणून ती बिनसाखरेचा चहा प्यायला बसली,
माझ्यापेक्षा सरळ तोंडाने.

मी धंद्याचा माणूस. विश्वास ठेवतो, पण तोलून.
रविवारी ती भजनाला गेली की
दुरुस्तीला घरी आणलेल्या काट्यावर बरणी ठेवायचो.
दोन किलो तीनशे चाळीस.
पुढच्या रविवारी दोन किलो तीनशे चाळीस.
सात रविवार.
मला लाज वाटायला लागली,
मग अभिमान,
मग, रात्री अंथरुणावर, शंका.
सात आठवडे जगात काहीच इतकं जागच्या जागी राहत नाही.
तेल झिरपतं, मीठ ओल पितं,
पितळेचं वजनसुद्धा हात लागून लागून झिजतं.
इतका अचूक काटा
मी आजवर फक्त लबाड वाण्याकडे पाहिलाय.

त्याच आठवड्यात दुकानात
मखमलीच्या पेटीतले तीन खळगे रिकामे सापडले:
पन्नास, वीस, वीस.
कामावरच्या रोझारियोला नको ते बोललो.
तो बिचारा टेबलाखाली टॉर्च मारत बसला.

रविवारी फडक्याच्या गाठी सोडल्या.
घडीच्या आत, कागदात गुंडाळून,
पन्नास, वीस, वीस.
खाली तेलाची रेघ दोन बोटं उतरलेली.

तीस वर्षं माझ्यासोबत राहून
बाई काट्याची भाषा शिकली होती.
दुपारी मी दुकानात असताना
भिंतीकडे तोंड करून खात असेल,
मग हात साबणाने दोनदा धूत असेल,
वासाने मला त्रास नको म्हणून;
आणि मग माझाच काटा काढून
मी बघणार ते वजन जुळवत असेल.

हसू आलं. डोळ्यांत पाणीही आलं,
मिरचीचं असावं, बरणी उघडीच होती.

कागद होता तसा गुंडाळला.
गाठी बांधल्या, दोन, तिच्या पद्धतीच्या.
सोमवारी रोझारियोला बन आणि भाजी खाऊ घातली,
कशासाठी ते सांगितलं नाही.

परवा रिपोर्ट आला. एकशे सव्वीस.
ब्रागांझाबाई म्हणाल्या, "घरचं कुणीतरी नीट बघतंय."
मी म्हटलं, "हो. अगदी ग्रॅममध्ये."

बरणी आता अर्ध्यावर येत असेल.
नव्वद ग्रॅमने तिचं भागायचं नाही.
म्हणून काल घरी येताना
शंभराचं वजन खिशात टाकून आणलं
आणि स्वयंपाकघराच्या फळीवर,
मिठाच्या डब्यापाशी,
विसरलो.